साताऱ्याचा दरबार, मिरजेचा दवाखाना

२०२५ सालच्या जून-जुलै महिन्यांत सांगली जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांतून ज्या कारणाने गाजले, त्याचा अभिमान येथील कोणाही रहिवाशास वाटू नये. एका विवाहितेचा दुर्दैवी मृत्यू, सासरच्या मंडळींनी ख्रिस्ती धर्माचार लादल्याचा आरोप, त्यावरून निघालेले मोर्चे, धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यास एका आमदारांनी जाहीर सभेत देऊ केलेली रोख बक्षिसे आणि त्याच्या निषेधार्थ ख्रिस्ती समाजाने ठिकठिकाणी व शेवटी मुंबईच्या आझाद मैदानावर केलेले आंदोलन, असा हा घटनाक्रम होता. धर्मांतराविरुद्ध कडक कायदा करण्याचा मानसही राज्य शासनाने त्याच सुमारास व्यक्त केला. मृत्यूच्या प्रकरणातील सत्यासत्य ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी येथे एक शब्दही लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. परंतु या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. आपल्या गावात शतकाहून अधिक काळ राहणारी ही ख्रिस्ती मंडळी आहे तरी कोण? ती मानते काय? आणि ‘आमचे दार सर्वांना उघडे आहे’ असे जेव्हा ती म्हणते, तेव्हा त्या उघड्या दाराचा अर्थ काय?

या लेखाचे निमित्त मात्र त्याहून लहान आहे. त्या दिवसांत अर्थशास्त्राच्या तासाला ‘प्रोत्साहन’ ही संकल्पना समजावून देत असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, चर्चमध्ये गेल्यावर किती मिळतात?” वर्ग हसला. त्याच वर्गात दोन ख्रिस्ती मुली बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मीही उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते. वीस वर्षे अध्यापन करणाऱ्या माणसाने आपल्याच गावातील शेजाऱ्यांविषयी इतके अनभिज्ञ असावे, याची लाज वाटली. पुढच्या रविवारी एका ख्रिस्ती सहकाऱ्याबरोबर मी उपासनेस गेलो.

मंडळीचा विश्वास

मी ख्रिस्ती नाही, आणि उपासनेहून परत आलो तोही तसाच. परंतु तेथे जे पाहिले त्यात परके असे फारच थोडे होते. डोक्यावरून पदर घेतलेल्या वृद्ध स्त्रिया, पेटी आणि तबला, ओवी-अभंगाच्या वळणाची गीते, आणि शास्त्रवाचनानंतर पाळकांचा कीर्तनाच्या अंगाने जाणारा उपदेश, असा तो सोहळा होता. मध्येच सर्वजण उठून उभे राहिले आणि एका सुरात त्यांनी आपला विश्वासांगीकार म्हटला. आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता जो देव, तो पिता, येशू ख्रिस्त हा त्याचा पुत्र, जो वधस्तंभावर मरण पावला व पुन्हा उठला, पवित्र आत्मा, पापांची क्षमा आणि सार्वकालिक जीवन. मंडळीच्या श्रद्धेचे सार एवढेच आहे. तारण हे माणसाच्या कर्तबगारीने मिळत नाही, ते देवाच्या कृपेचे दान आहे, हा या श्रद्धेचा गाभा होय. ज्याला वारकरी परंपरेचा थोडाही परिचय आहे त्याला कृपेची ही भाषा अनोळखी वाटू नये. मात्र साम्य दाखविण्याच्या भरात भेद पुसून टाकणेही योग्य नव्हे. ख्रिस्त हा अनेक मार्गांपैकी एक नसून देवाचा एकमेव अवतार आहे, असे ही मंडळी मानते. तिच्या अस्मितेचे मर्म येथे आहे, आणि तिच्याविषयीच्या गैरसमजाचे मूळही बव्हंशी येथेच आहे.

सातारा आणि सांगली हे दोन शेजारी जिल्हे असले तरी त्यांतील मंडळ्यांची घराणी मुळात वेगळी. साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले. या मिशनची परंपरा अशी की प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. तिच्यावर वरून हुकूम चालविणारा कोणी नाही. कोल्हापूर, सांगली व मिरज या भागांत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. तेथे कारभार वडीलमंडळाच्या हाती. १९२४ साली या दोन्ही परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाखाली एकत्र आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे बिशपांचा अधिकार मानणारे अँग्लिकन, तसेच बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट व डिसायपल्स यांच्यासह एकूण सहा संघटनांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अर्भकांना बाप्तिस्मा द्यावा की सज्ञान झाल्यावर विश्वास कबूल करणाऱ्यासच द्यावा, या प्रश्नावर युरोपात एकेकाळी रक्त सांडले होते. या नव्या चर्चने दोन्ही रीती वैध मानल्या आणि निवड कुटुंबाच्या विवेकावर सोपविली. मतभेद जिरविण्याऐवजी त्यांना एका छपराखाली जागा देण्याचा हा प्रयोग होता. ज्या देशात पक्ष फुटतात, संस्था फुटतात, साहित्य संमेलनेही फुटतात, तेथे सहा संघटनांनी एकत्र येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांपैकी कितीजणांना तिची माहिती आहे?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या दोन जिल्ह्यांत रोमन कॅथलिक आहेत, तसेच अलीकडच्या काळात वाढलेले, घराघरांतून भरणारे स्वतंत्र प्रार्थनासंघही आहेत. वादाचा रोख बहुधा या शेवटच्या गटाकडे असतो. त्यांची उपासनापद्धती, रोगमुक्तीच्या प्रार्थनांवरील त्यांचा भर आणि त्यांचे संघटन ही जुन्या मंडळ्यांहून निराळी आहेत. एका गटाच्या वर्तनाचा जाब दुसऱ्यास विचारणे अन्यायाचे होय. पण रस्त्यावरच्या जमावाला असे भेद समजत नाहीत, आणि दगड कोणत्या काचेवर पडेल याचा नेम नसतो.

साताऱ्याचा दरबार

‘उघडे दार’ या कल्पनेचा सर्वांत धाडसी प्रयोग आपल्याच साताऱ्यात झाला, याचे स्मरण आज कोणास आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी काव्याच्या इतिहासातील थोर नाव. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली आणि ‘ज्ञानोदया’च्या संपादनात भाग घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते बोलत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनच्या पगाराचा आधार सोडून ते साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबाराचे वैशिष्ट्य असे की त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही स्थान होते. ख्रिस्तावर ज्याचे प्रेम आहे तो दरबारी. त्याचे नाव कोणत्या मंडळीच्या वहीत आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम.

ही कल्पना दोन्ही बाजूंना न रुचणारी होती. वहीत नाव नसलेला मनुष्य ख्रिस्ती कसा, हा परंपरानिष्ठ ख्रिश्चनांचा प्रश्न. आणि नाव न बदलता ख्रिस्ताला भजणे ही धूर्त युक्ती तर नव्हे, ही इतरांची शंका. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्याच्यामागे जमीन नव्हती, इमारत नव्हती, परदेशातून येणारा निधी नव्हता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने असे म्हणता येईल की दरबार ही भांडवलाविना काढलेली संस्था होती. परंतु तिने मांडलेला प्रश्न आजही तसाच आहे. श्रद्धेची नोंद समाजाच्या वहीत होते की माणसाच्या मनात?

टिळकांच्या घरातील हकिकत याहूनही बोलकी आहे. पतीने १८९५ साली धर्म बदलला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या काळात ताटातूट झाली, अश्रू झाले, समाजाचा रोष झाला. आणि एकत्र आल्यावरही सोवळ्याओवळ्याचा आपला आचार त्यांनी पाळला व तो सोडला तो स्वतःच्या मनाने. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथामुळे हे सारे मराठी वाचकांस परिचित आहे. एकाच संसारात दोन श्रद्धा नांदू शकतात, आणि पत्नीचा विवेक हा पतीच्या विवेकाचा शेपूट नव्हे, हे त्या घराने दाखवून दिले. धर्मांतराच्या प्रश्नाची चर्चा करणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे पुस्तक पुन्हा एकदा उघडावे. कोणत्याही घरात, कोणत्याही धर्माच्या नावाने, सुनेवर उपासना लादली जात असेल तर तो अपराध आहे. आणि तो अपराध ठरतो तो तिच्या विवेकाच्या नावाने, धर्मांच्या संख्याबळाच्या नावाने नव्हे.

मिरजेचा दवाखाना

साताऱ्याच्या दरबाराला भांडवल नव्हते; मिरजेच्या दवाखान्याला होते. विल्यम जेम्स वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली या भागात आले. प्रथम सांगलीत त्यांनी काम केले आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले. १८९७ पासून तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. संस्थानिकांच्या संमतीवाचून तेथे मिशनला पाय ठेवणे शक्य नव्हते. म्हणजे हे रुग्णालय गणपतीचे उपासक असलेल्या राजांच्या राज्यात आणि त्यांच्या मान्यतेने उभे राहिले. मिरज हे आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते. रेल्वेचे जंक्शन आणि वॉनलेसांचे रुग्णालय या दोहोंनी मिळून ही ओळख घडविली. रुग्ण आले, त्यांच्यामागून नातलग आले, खाणावळी आल्या, औषधाची दुकाने आली, पुढे खाजगी रुग्णालये आली. सांगली-मिरज रस्त्यावरील वॉनलेसवाडी हे नाव आजही या इतिहासाची साक्ष देते.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. धर्मांतरे आमिषाने होतात, हा सिद्धान्त तपासून पाहण्यास मिरजेइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही. जीवदान याहून मोठे आमिष कोणते? ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या असंख्य रुग्णांनी मिशनच्या खाटेवर पुनर्जन्म घेतला, ते गाव या सिद्धान्तानुसार एव्हाना ख्रिस्ती व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात मिरज हे मीरासाहेबांच्या दर्ग्याचे, गणेशोत्सवाच्या प्रचंड मिरवणुकांचे आणि तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे गाव राहिले. ख्रिस्ती वस्ती अल्पच राहिली. जनगणनेनुसार महाराष्ट्रात २००१ साली ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ५८ हजार होती. २०११ साली ती सुमारे १० लाख ८० हजार झाली. एकूण लोकसंख्येतील तिचे प्रमाण या दशकात १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की अनेकजण उपासनेस चर्चमध्ये जातात आणि कागदावर हिंदूच राहतात. सबब हे आकडे विश्वसनीय नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. परंतु कागदावर नाव लपविण्याची गरज का पडावी, याचा विचार केला तर आमिषाचा सिद्धान्त अधिकच डळमळतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितास त्या आजतागायत मिळालेल्या नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हे धर्माचे बंधन काढून टाकण्याची शिफारस केली होती. २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी पुन्हा आयोग नेमण्यात आला. तात्पर्य, या दोन जिल्ह्यांतील ज्या गरीब माणसाला ‘प्रोत्साहना’ने धर्म बदलला असे म्हणावयाचे, त्याच्यासमोरील सर्वांत मोठे, कायदेशीर आणि निश्चित प्रोत्साहन हे धर्म न बदलण्याचे आहे. त्याला चर्चमध्ये जाऊन काय मिळते हे विचारण्यापूर्वी तो काय गमावतो, हे वर्गात फळ्यावर मांडावयास हवे.

याचा अर्थ धर्मांतरात ऐहिक हेतू कधीच नव्हता असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनच्या धान्यावर जगलेल्या कुटुंबांपैकी काहींनी बाप्तिस्मा घेतला, हे इतिहास सांगतो. भूक आणि श्रद्धा यांची वाटणी करणारा तराजू कोणापाशीच नसतो. तथापि दुष्काळ सरल्यानंतर, धान्य संपल्यानंतर आणि पुढे मिशनरी परतल्यानंतरही ज्यांची नातवंडे-पतवंडे दर रविवारी उपासनेस जातात, त्यांच्या श्रद्धेला आमिषाचे नाव देणे हा त्या माणसांचा अवमान आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला ज्याने प्रथम ‘आत या’ म्हटले, त्याच्या घरी तो राहिला. हा दोष असेल तर तो आत घेणाऱ्याचा कमी आणि बाहेर ठेवणाऱ्याचा अधिक.

आतली बंद दारे

परंतु जो समाज आपले दार उघडे असल्याचे सांगतो, त्याने घरातील आतली दारेही तपासली पाहिजेत. येथील मंडळ्यांच्या बहुसंख्य सभासदांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. काही थोडे वरच्या मानलेल्या जातींतून. प्रभुभोजनाच्या मेजाशी सर्व एक असतात. सोयरिकीच्या वेळी मात्र जुनी जात विचारली जाते, अशी खंत ख्रिस्ती मित्रच व्यक्त करतात. ख्रिस्तापाशी भेद नाही असे शिकविणाऱ्या मंडळीने याचे उत्तर कोणा राजकारण्यास नव्हे, स्वतःस द्यावयाचे आहे.

दुसरा प्रश्न मालमत्तेचा. मिशनरी गेले आणि शहरांच्या मध्यवस्तीतील जमिनी, बंगले, शाळा व रुग्णालये मागे राहिली. या जमिनींचे भाव जसे चढत गेले तसा विश्वस्तपदांचा मोह वाढत गेला. १९७० च्या एकीकरणाबरोबर जुन्या संस्थांच्या मालमत्ता नव्या चर्चकडे आपोआप आल्या काय, हा वाद देशभर न्यायालयांत गेला. गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असा निर्णय दिला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील प्रक्रिया पाळल्यावाचून केवळ ठरावाने असे हस्तांतर होत नाही. श्रद्धेचे ऐक्य प्रार्थनेने झाले. सातबाऱ्याचे ऐक्य मात्र कायद्याच्या वाटेनेच व्हावयास हवे होते. सामान्य सभासदाच्या दानार्पणाचा पैसा वकिलांच्या फीमध्ये जावा, आणि ज्या रुग्णालयांनी गोरगरिबांना जगविले ती स्वतःच जर्जर व्हावीत, यापरते दुर्दैव नाही. निर्धन असलेला टिळकांचा दरबार दोन वर्षांत मावळला. सधन असलेल्या संस्था शतकभर टिकल्या, पण त्यांच्या संपत्तीनेच त्यांना ग्रासले. संस्थेला भांडवल लागते हे खरे. परंतु भांडवल हेच संस्थेचे प्रयोजन झाले म्हणजे दार उघडे असले काय आणि नसले काय, सारखेच.

दाराचे दोन अर्थ

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास विवेकस्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही. हा निर्णय अनेक ख्रिस्ती विचारवंतांना मान्य नाही. तरीही त्यातील एक तत्त्व सर्वांनीच स्वीकारण्याजोगे आहे. धर्माचा निर्णय हा ऐकणाऱ्याचा आहे, सांगणाऱ्याचा नव्हे. पण मग हेच तत्त्व शासनालाही लागू होते. जो निर्णय पाळकाचा नाही, तो जिल्हाधिकाऱ्याचाही असू शकत नाही. बळजबरी आणि फसवणूक यांना शिक्षा अवश्य व्हावी. परंतु ‘आमिष’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल ठेवावी की आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थना, गरीब मुलास दिलेली वह्या-पुस्तके आणि परक्यास देऊ केलेला चहाही तीत बसावा, तर तो कायदा बळजबरीविरुद्ध न राहता शेजारधर्माविरुद्ध होईल.

खऱ्या अर्थाने उघडे असलेले दार दोन्ही बाजूंनी उघडते. आत येणाऱ्यास कोणी अडवू नये, आणि बाहेर जाणाऱ्यासही कोणी अडवू नये. मंडळीने तिच्यात वाढलेल्या मुलास वेगळा विचार करण्याची मोकळीक द्यावी. बहुसंख्य समाजाने आपल्यातील एखाद्याच्या चर्चकडे वळलेल्या पावलांना गुन्हेगाराची पावले समजू नये. हा सौदा समतोल आहे आणि कोणासही तोट्याचा नाही.

काही महिन्यांनी मी पुन्हा त्याच उपासनेस गेलो. पहिल्या वेळी दारातील वृद्ध गृहस्थांनी हात जोडून “या, बसा” एवढेच म्हटले होते. या वेळी त्यांनी हात जोडले, क्षणभर थांबले आणि अत्यंत संकोचाने विचारले, “आपण कोठून आलात? माफ करा, आता विचारावे लागते.” त्यांनी मला ओळखले नव्हते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. शंभर वर्षांत दुष्काळाने, प्लेगने, जातीच्या बहिष्काराने जे साधले नाही, ते काही महिन्यांच्या भाषणांनी साधले. येणाऱ्याला प्रथम पारखून घ्यावे लागते, अशी पाळी त्या दारावर आली.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते बऱ्याच उशिरा. चर्चमध्ये गेल्यावर किती मिळतात, असे तू विचारले होतेस. मला बसायला एक जागा मिळाली, आणि ती देणाऱ्या माणसाला ती देताना भीती वाटत होती. या व्यवहारात देणे कोणाचे निघते, याचा हिशेब आता तू कर, एवढेच मी त्याला सांगितले. या वेळी वर्ग हसला नाही.